पेल्यात नसलेला मासा

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

“मी मूळचा कागल तालुक्यातला. गेली सात वर्षे नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. आई माळकरी असल्यामुळे घरात मांसमच्छी कधीच नव्हती. तीन वर्षांपूर्वी दुभत्या जनावरांच्या हालांविषयी बरेच वाचनात आले आणि मी दूध, तूप, मध हेही सोडून पूर्ण व्हीगन झालो. शुक्रवारी संध्याकाळी सहकाऱ्यांबरोबर पबमध्ये एक-दोन ग्लास बिअर घ्यावी, एवढेच माझे मद्यपान. गेल्या महिन्यात एका सहकाऱ्याने बोलता बोलता सांगितले की मी नेहमी घेतो ती पिंपातली एल माशाच्या पोटातल्या पिशवीने स्वच्छ केलेली असते. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन त्याच बिअरची बाटली हातात घेऊन पाहिली, तर तिच्यावर माशाचे नावसुद्धा नाही. माझी पत्नी शाकाहारी आहे, अंडेही खात नाही, मात्र कधीतरी वाइन घेते. डिसेंबरात आम्ही गावी येणार आहोत आणि भावाने नाशिकची वायनरी पाहून पुढे गोव्याला जाण्याचा बेत आखला आहे. पिण्याआधी हे सारे ओळखायचे कसे? आणि तीन वर्षे नकळत जे पोटात गेले, ते आईला सांगावे का?”

स. न. वि. वि.

तुमच्या सहकाऱ्याने सांगितले ते खरे आहे. ब्रिटनमधल्या पिंपातल्या पारंपरिक एलमध्ये, म्हणजे जिला तिथे ‘कास्क एल’ म्हणतात तिच्यात, यीस्ट जिवंत असते आणि पबच्या तळघरात पोहोचल्यावरही पिंपात तिचे आंबणे थोडेफार चालू असते. अशी बिअर गढूळ दिसते. ती ग्लासात नितळ उतरावी म्हणून पिंप भरताना तिच्यात आयझिंग्लास नावाचा पदार्थ घालतात. माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते, तिच्या आधाराने मासा पाण्यात वरखाली होतो. ती पिशवी वाळवून आणि सौम्य आम्लात विरघळवून जे पातळ द्रावण तयार होते, ते म्हणजे आयझिंग्लास. त्यातल्या कोलॅजेन या प्रथिनावर धन विद्युतभार असतो आणि यीस्टच्या पेशींवर ऋण. दोन्ही एकमेकांना धरून जड होतात आणि पिंपाच्या तळाशी बसतात. वरची बिअर साधारण दिवसाभरात नितळ होते आणि तीच तुमच्या ग्लासात येते.

तुम्ही कागलचे आहात, तेव्हा ही क्रिया तुमच्या डोळ्यांसमोर लगेच उभी राहील. गुऱ्हाळावर काहिलीत रस तापत असताना रानभेंडीच्या चेचलेल्या खोडाचा बुळबुळीत रस त्यात घालतात, मळी वर येते, ती काढून टाकली की गूळ स्वच्छ निघतो. गावोगावच्या आज्या पावसाळ्यातले गढूळ पाणी निवळीचे बी घागरीच्या आतून उगाळून किंवा तुरटी फिरवून निवळवीत असत. पिंपातल्या बिअरला हेच केले जाते. भेद इतकाच की गुऱ्हाळावर झाडाचा रस वापरतात आणि तिथे माशाची पिशवी. हा दाखला मी मुद्दाम देत आहे, कारण तुमच्या साऱ्या प्रश्नाची गुरुकिल्ली त्यात आहे. गूळ विकणारा ‘या गुळात भेंडी आहे’ असे कधी सांगत नाही, कारण त्याच्या लेखी भेंडी मळीबरोबर निघून गेलेली असते. मद्य बनवणाराही नेमका तसाच विचार करतो. म्हणून ‘यात काय आहे?’ हा प्रश्न विचारला की प्रामाणिक माणसाकडूनही तुम्हाला निरुपयोगी उत्तर मिळेल. ‘हे करताना काय वापरले?’ असेच विचारावे लागते.

लेबलवर काही का नव्हते, तेही यावरून कळेल. ब्रिटनमध्ये आणि युरोपीय संघात 1.2 टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या पेयांना घटकांची पूर्ण यादी छापण्याची सक्ती फार काळ नव्हती आणि ब्रिटनमध्ये ती आजही नाही. ॲलर्जी होऊ शकणारे पदार्थ मात्र नमूद करावेच लागतात, आणि त्या पदार्थांत मासाही आहे. परंतु बिअर आणि वाइन निवळवण्यासाठी वापरलेल्या आयझिंग्लासला त्या नियमातून स्पष्ट शब्दांत सूट दिलेली आहे. तेव्हा तुम्ही हातात घेतलेल्या बाटलीवर कोणी काही बेकायदा लपवले नव्हते. हा कायदा माशाची ॲलर्जी असलेल्या माणसाचा विचार करून लिहिला आहे, मासा न खाण्याचे ठरवलेल्या माणसाचा विचार त्यात कोणी केलेला नाही. मला हे मनापासून खटकते. ज्या देशात शाकाहाराची चळवळ दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि जिथे 1944 साली ‘व्हीगन’ हा शब्दच जन्माला आला, तिथे ग्राहकाला एवढी माहिती न मागता मिळायला हवी.

ही प्रथा जुनी आहे, एवढे मात्र त्या पबवाल्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. अठराव्या शतकात लंडनचे बिअर बनवणारे रशियातून स्टर्जन माशाचे महागडे आयझिंग्लास मागवीत असत. पुढे गॅसच्या दिव्यांसाठी प्रसिद्ध झालेले अभियंते विल्यम मर्डॉक यांनी 1795 मध्ये कॉड माशापासून स्वस्त पर्याय तयार केला आणि लंडनच्या मद्यउत्पादकांनी त्याच्या वापरासाठी त्यांना 2,000 पौंड दिले. आपल्या किनाऱ्यावर घोळ माशाला सोन्याचा भाव येतो तोही मुख्यतः त्याच्या या वाळवलेल्या पिशवीमुळेच.

पण जुनी प्रथा बदलत नाही असे मुळीच नाही. डब्लिनच्या गिनेस या बिअरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आयझिंग्लास वापरले जात होते. नोव्हेंबर 2015 मध्ये कंपनीने ते थांबवण्याची घोषणा केली, सेंट जेम्सेस गेट येथील कारखान्यात गाळणीची नवी यंत्रणा बसवली आणि आधी पिंपातली, मग बाटल्या-डब्यांतली गिनेस माशाविना तयार होऊ लागली. तेव्हा शुक्रवारच्या बैठकीतून तुम्हाला उठावे लागणार नाही. लेगर प्रकारच्या बऱ्याचशा बिअर यंत्राने गाळलेल्या किंवा थंड टाकीत दीर्घकाळ ठेवून निवळलेल्या असतात. जर्मन बिअरही सामान्यतः निर्धास्त घ्याव्यात अशा असतात. मात्र 1516 च्या बव्हेरियातील शुद्धतेच्या फर्मानाने याची हमी मिळते असे जे सांगितले जाते, त्यावर पूर्ण विसंबू नका, कारण ते फर्मान बिअर कशाची करावी याविषयी आहे. इंग्लंडमधलेही अनेक नवे छोटे कारखाने आपली एल मुद्दाम न निवळवता, थोडी धुरकट ठेवून विकतात. बारमागच्या माणसाला ‘अनफाइन्ड’ म्हणजे न निवळवलेली आहे का, असे विचारले की त्याला नेमके कळते. एक बारकावा इथे लक्षात ठेवा: एकाच नावाची बिअर पिंपात निवळवलेली आणि बाटलीत गाळलेली असू शकते. तुम्ही दुकानातली बाटली पाहून पबमधल्या ग्लासाविषयी निष्कर्ष काढू पाहत होता, तो मार्ग सरळही चुकतो आणि उलटही. त्याचप्रमाणे ‘फाइनिंग्ज’ हा निवळवण्याच्या पदार्थांसाठीचा शब्द ऐकताच दचकू नका. बिअर उकळताना जे आयरिश मॉस घालतात ते समुद्रातले शेवाळ आहे.

आता पत्नीच्या वाइनकडे वळतो, कारण तिथे तुम्ही दोघे एकाच बाटलीकडे पाहून वेगवेगळी उत्तरे काढाल, आणि दोघांचीही बरोबर असतील. रेड वाइनमधला तुरटपणा कमी करण्यासाठी अंड्यातला पांढरा बलक वापरण्याची फ्रान्समधल्या बोर्दोची जुनी रीत आहे; 225 लिटरच्या एका पिंपाला तीन ते सहा अंडी लागतात. व्हाइट वाइनचा तांबूसपणा घालवण्यासाठी दुधातले केसीन वापरतात. याशिवाय डुकराच्या किंवा गुरांच्या कातडी-हाडांपासून केलेले जिलेटिन असते, आणि आयझिंग्लास इथेही आहेच. उलट बेंटोनाइट ही निव्वळ चिकणमाती आहे, कोळशाची भुकटी आहे, वाटाण्याचे व बटाट्याचे प्रथिन आहे; यांपैकी काहीही वापरले असेल तर तुमची हरकत असण्याचे कारण नाही. ब्रिटनमध्ये बाटलीवर ‘शाकाहारींसाठी योग्य’ असे इंग्रजीत छापलेले असते, तेव्हा तिथल्या अर्थाने त्या शाकाहारात अंडे बसते. म्हणजे जी खूण पाहून तुमची पत्नी निश्चिंत होत असेल, ती तिच्यासाठी पुरेशी नाही. तिनेही ‘व्हीगन’ असे लिहिलेलीच बाटली घ्यावी. दूध तिला चालत असले तरी अंड्याची शंका दूर करण्याचा तिच्यासाठी तो सर्वांत सोपा मार्ग आहे. अंड्याचा किंवा दुधाचा अंश तयार वाइनमध्ये सापडण्याइतका उरला असेल, तर तो लेबलवर लिहावाच लागतो. तसे लिहिलेले दिसले तर प्रश्न तिथेच संपला. परंतु न लिहिलेले असणे म्हणजे न वापरलेले असणे नव्हे. युरोपीय संघाने 8 डिसेंबर 2023 नंतर तयार होणाऱ्या वाइनसाठी घटकांची यादी बंधनकारक केली आहे, तीतही निवळवण्याचे पदार्थ ॲलर्जीचा प्रश्न नसेल तर येत नाहीत.

मग खात्री कशी करावी? व्हीगन सोसायटीचे सूर्यफुलासारखे चिन्ह किंवा युरोपातले व्ही-लेबल बाटलीवर असेल तर पुढे काही पाहण्याची गरज नाही. चिन्ह नसेल तर बार्निव्होर नावाची एक विनामूल्य सूची इंटरनेटवर आहे, तिचा मला स्वतःला पुष्कळ उपयोग झाला आहे. सामान्य लोकच कंपन्यांना पत्र लिहितात आणि आलेले उत्तर जसेच्या तसे तिथे नोंदवतात; त्यावरून ते पेय व्हीगनांना योग्य की अयोग्य हे ठरते. सूचीत नाव सापडले की तेवढ्यावर थांबू नका, उत्तर कोणत्या साली आलेले आहे तेही पाहा. गिनेसचेच उदाहरण घ्या: 2015 पूर्वीचे उत्तर आज चुकीचे ठरेल. वाइनच्या बाबतीत तर द्राक्षाच्या एका हंगामात बेंटोनाइट आणि पुढच्या हंगामात अंडे असेही होऊ शकते, म्हणून बाटलीवरचे साल हा तुमच्या चौकशीचा भाग असलाच पाहिजे.

सूचीतही काही सापडले नाही तर स्वतः लिहा. काही वर्षांपूर्वी घरच्या एका समारंभासाठी मी एका वायनरीला पत्र लिहून विचारले होते, ‘तुमच्या वाइनमध्ये प्राणिजन्य काही आहे का?’ तीन आठवड्यांनी उत्तर आले, ‘नाही, आमची वाइन केवळ द्राक्षांची असते.’ मी निश्चिंत झालो आणि पाहुण्यांनाही तसेच सांगितले. पुढे सहज शब्द बदलून विचारले, तेव्हा कळले की ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाने निवळवलेली होती. त्या पाहुण्यांत माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारे एक जैन कुटुंब होते, ही गोष्ट मला अजूनही सलते. म्हणून तुमच्या पत्रात पेयाचे पूर्ण नाव, साल, आणि ते पिंपातले की बाटलीतले हे लिहा. मग ते निवळवताना किंवा गाळताना आयझिंग्लास, जिलेटिन, अंडे, केसीन किंवा खेकड्या-कोळंबीच्या कवचापासून केलेले कायटोसॅन यांपैकी काही वापरले का, असे एकेक नाव घेऊन विचारा. शेवटी, निवळवून झाल्यावर मध, दूध किंवा रंग असे काही घातले का, हेही विचारा. नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाला मोघम उत्तर देणे अवघड असते.

ऊर्ध्वपातन केलेल्या मद्यांविषयी फार लिहीत नाही, कारण तिथे काळजी थोडी आहे. व्हिस्की, रम, जिन, व्होडका यांची वाफ होऊन पुन्हा द्रव होताना असले पदार्थ मागे राहतात, आणि त्यांना निवळवण्यासाठी माशाची किंवा अंड्याची गरज सहसा पडत नाही. धोका नंतरच्या भरीत असतो. बेलीजसारख्या मद्यात मलई असते, ड्रॅम्बुईत मध असतो, आणि कॅम्पारीचा लाल रंग 2006 पर्यंत कोशिनील किड्यांपासून येत असे. इंग्लंडमध्ये ब्लॅक काऊ नावाची व्होडका तर दुधाच्या निवळीपासूनच बनते. बारमध्ये मिश्रण करून देतात त्यात व्हिस्की सावरमधला अंड्याचा फेस आणि ब्लडी मेरीतला वुस्टर सॉस, ज्यात अँकोव्ही नावाचे मासे असतात, हे दोन विशेष जपून. आणि दुधाळ नावाच्या ‘मिल्क स्टाउट’ बिअरमध्ये खरोखरच दुधातली साखर असते.

पेय व्हीगन असल्याने शरीराला अपायकारक ठरत नाही असे नाही, हे तुम्हाला ठाऊकच असेल. तुमच्या एक-दोन ग्लासांच्या मर्यादेला माझ्या या उत्तराने धक्का लागू नये.

बाटल्यांवरची लेबले चिकटवायला अनेक कारखान्यांत केसीनची खळ वापरतात, हे तुम्हाला पुढेमागे कोणीतरी सांगेल आणि पुन्हा झोप उडेल, म्हणून मीच आधी सांगून ठेवतो. बर्फाच्या पाण्यात लेबल सुटू नये आणि बाटली धुताना मात्र सहज निघावे, यासाठी ती खळ सोयीची असते. तिथपर्यंत जायचे की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. मी स्वतः पेयापर्यंत थांबतो. माझ्या मते शक्य आणि व्यवहार्य असेल तेवढे टाळणे हा व्हीगन आचरणाचा गाभा आहे, आणि तुम्ही तो तीन वर्षे मनापासून पाळत आला आहात. जे माहीतच नव्हते, त्याने तुमचे व्रत मोडले असे मी मानत नाही.

आईला सांगावे का? मला वाटते, सांगावे; पण कबुलीजबाब म्हणून नव्हे. तुम्ही बिअर घेता हे तिला माहीत आहे की नाही, ते पत्रावरून कळत नाही. माहीत नसेल, तर आधी ती गोष्ट सांगण्याची आहे, आणि ती माशाच्या आडून सांगू नये. माहीत असेल, तर हीही गोष्ट साध्या शब्दांत सांगा: कळले नव्हते, कळल्यावर थांबलो. ज्या माऊलीने आयुष्यभर बाहेरगावी गेल्यावर ‘याच्यात काय घातलंय, कोणत्या भांड्यात केलंय’ असे विचारूनच घास घेतला असेल, तिला तुमची ही चौकशी परकी वाटणार नाही. ‘काय आहे’ यापेक्षा ‘कसे केले’ हे विचारण्याची सवय तुम्हाला तिच्याकडूनच लागली असावी.

आता डिसेंबरचा बेत. आपल्याकडच्या हिरव्या ठिपक्यावर व्हीगन माणसाने अवलंबून राहू नये, कारण त्याच्या व्याख्येत दूध आणि मध शाकाहारी धरले आहेत. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2022 मध्ये व्हीगन अन्नासाठी वेगळे नियम आणि हिरवे, पालवी फुटलेल्या ‘व्ही’चे चिन्ह आणले, त्या नियमांत केवळ घटकांचाच नव्हे, तर प्रक्रियेत वापरलेल्या पदार्थांचाही विचार केलेला आहे, ही मला फार समाधानाची बाब वाटते. ते चिन्ह दिसले तर निःशंक घ्या. वाटेत पुण्यात भाऊ कदाचित कौतुकाने मीड समोर ठेवील, कारण मूनशाइन मीडरीमुळे ते पेय आता तिथे बऱ्याच जणांना ठाऊक झाले आहे. मात्र मीड म्हणजे आंबवलेला मधच, तेव्हा तुम्हाला नाही म्हणावे लागेल. तुमच्या पत्नीला ते चालू शकेल, पण कशाने निवळवले हे तिनेही विचारावे. गोव्यात काजूच्या फेणीची चिंता करू नका. बोंडांचा रस काढायचा, तो आपोआप आंबू द्यायचा आणि भाटीवर उतरवायचा, एवढ्या कृतीत निवळवण्याला जागाच नाही. हुर्राक, म्हणजे त्याच रसाची पहिल्यांदा उतरवलेली सौम्य दारू, मात्र डिसेंबरात मिळणार नाही, कारण ती काजूच्या हंगामात, मार्चपासून उन्हाळ्यातच निघते.

नाशिकला चव घेण्याच्या दालनातला मुलगा कदाचित ‘हो, सगळं व्हेज आहे’ असे सांगेल. तो खोटे बोलत नसेल, त्याला कोणी तसे शिकवले नसेल एवढेच. वाइन प्रत्यक्ष बनवणाऱ्या माणसाची भेट होईल का, असे विनयाने विचारा आणि बाटलीवरचे साल दाखवून ही वाइन कशाने निवळवली ते विचारा. नाशिकची द्राक्षकाढणी साधारण जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते, तेव्हा डिसेंबरात त्यांच्यामागे अजून घाई लागलेली नसते आणि असे लोक आपल्या कामाविषयी बोलायला बहुधा आनंदाने तयार असतात. भेट झाली तर मिळालेले उत्तर, वाइनचे नाव आणि साल यांसह मला जरूर कळवा. नाशिकच्या वाइनबद्दल असाच प्रश्न विचारणारी आणखी दोन पत्रे माझ्या टेबलावर आहेत.